विद्यापीठाचे कार्यक्रम आणि आपले गाव

(शिरड शहापूर येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्या सभेत एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



विद्यापीठात येत्या वर्षात होणारी व्याख्याने, कलामहोत्सव आणि क्रीडास्पर्धा यांची माहिती आपणांस द्यावी, असे मला सांगण्यात आले आहे. माहिती देणे सोपे आहे. परंतु सभेपूर्वी चहा घेताना मी येथील आठ-दहा मंडळींना एक प्रश्न विचारला. नांदेडच्या विद्यापीठात आपण कधी गेला होता काय? बहुतेकांनी होकार दिला. कशासाठी गेला होता, असे विचारल्यावर उत्तरे आली ती अशी : मुलीची गुणपत्रिका आणण्यासाठी, नावातील चूक दुरुस्त करून घेण्यासाठी, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज देण्यासाठी, स्थलांतर प्रमाणपत्रासाठी. व्याख्यान ऐकण्यासाठी, नाटक पाहण्यासाठी किंवा सामना पाहण्यासाठी गेलेला एकही गृहस्थ मला भेटला नाही. म्हणून केवळ यादी वाचून दाखविण्याऐवजी, ही यादी आपल्या गावची कशी होईल, याविषयी बोलावे असे मी ठरविले आहे.

विद्यापीठ ही वस्तू आपल्या भागाच्या दिशेने तीन टप्प्यांनी सरकत आली आहे, हे तरुण शिक्षकांना कदाचित ठाऊक नसेल. निजामाच्या राज्यात आपल्या आजोबांचे विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया. ते १९१८ मध्ये स्थापन झाले आणि तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. शिरडच्या शेतकऱ्याच्या मराठी बोलणाऱ्या मुलाला तेथपर्यंत पोहोचण्यासाठी अंतर आणि भाषा अशा दोन नद्या ओलांडाव्या लागत. पुढे २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सुरू झाले. एक नदी आटली, दुसरी अरुंद झाली. त्यानंतर १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेडजवळ विष्णुपुरी येथे स्थापन झाले आणि ते इतके जवळ आले की सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी घरी परतावे. तेव्हा आपण परभणी जिल्ह्यात होतो. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तरी विद्यापीठ तेच राहिले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांचे हे विद्यापीठ आहे. आपण त्याच्या कार्यक्षेत्रात आहोत, याचा अर्थ केवळ आपल्या मुलांच्या उत्तरपत्रिका तेथे तपासल्या जातात एवढाच नव्हे.

ज्या संन्याशाचे नाव या विद्यापीठाला दिले आहे, त्यांनी आयुष्यभर लढा दिला तो कशासाठी, याची आठवण अशा प्रसंगी करणे अप्रस्तुत होणार नाही. निजामी राजवटीत ‘गश्ती निशाण ५३’ नावाचे एक फर्मान होते. त्यानुसार सार्वजनिक सभा घ्यावयाची तर अगोदर सरकारची परवानगी काढावी लागे. खासगी शाळा काढावयाची, तरी परवानगी. व्यायामासाठी आखाडा काढावयाचा, तरी परवानगी. म्हणजे व्याख्यान, शिक्षण आणि व्यायाम या तिन्ही गोष्टींवर पहारा होता. आणि आज ज्या कार्यक्रमांची यादी माझ्या हातात आहे, तीही नेमकी याच गोष्टींची आहे. या भागातील माणसे त्या काळात कीर्तनात, भजनात, गणेशोत्सवात आणि वाचनालयाच्या ओसरीवर जमत, आणि सांगावयाचे ते तेथे आडपडद्याने सांगत. आज परवानगीचा प्रश्न उरलेला नाही. सभागृहे बांधली गेली आहेत, ध्वनिक्षेपक आहेत, वक्ते आहेत. आणि अनेक कार्यक्रमांत पहिल्या तीन रांगांच्या मागे खुर्च्या रिकाम्या असतात, हे मी तेहतीस वर्षांच्या नोकरीत पुष्कळ वेळा पाहिले आहे. कधी कधी त्या तीन रांगाही हजेरी घेणार म्हणून भरलेल्या असत!

व्याख्यान ही शहरी माणसांची करमणूक आहे, असा एक समज खेड्यात आढळतो. या समजाला आपल्या शेजारच्या वसमत तालुक्यानेच उत्तर दिलेले आहे. कुरुंदा हे नरहर कुरुंदकरांचे मूळ गाव; त्यांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी झाला. ते नांदेडला प्रथम शाळेत शिक्षक होते, नंतर पीपल्स महाविद्यालयात प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य झाले. इंटरच्या परीक्षेने त्यांना बराच काळ अडवून धरले होते, ही गोष्ट नापास झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला आम्ही सांगत असू. काही विद्यार्थ्यांनी तिचा सोयीस्कर अर्थ काढला, तो भाग वेगळा. मनुस्मृतीपासून नाट्यशास्त्रापर्यंत आणि संगीतापासून हैदराबादच्या मुक्तिसंग्रामापर्यंत कोणत्याही विषयावर ते महाराष्ट्रभर बोलत हिंडले. त्यांच्या प्रकाशित लेखनापैकी काही भाग मुळात व्याख्यानेच आहेत. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत त्यांचे निधन झाले, तेही व्यासपीठावर. विद्वत्ता ही मोठ्या शहरातच पिकते, असे मानण्याचे कारण निदान आपल्याला तरी नाही. त्याही मागे जावयाचे तर याच जिल्ह्यातील नर्सीशी नामदेवांचे नाव जोडलेले आहे, आणि कीर्तनाच्या रंगी उभे राहून समाजाला शहाणे करण्याची रीत आपण कोणाकडून उसनी घेतलेली नाही.

आता विद्यापीठाने गावापर्यंत यावे, ही कल्पना कोठून आली ते थोडक्यात सांगतो. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाने १८७३ मध्ये आपले अध्यापक बाहेरगावी पाठवून कामगारांसाठी व स्त्रियांसाठी व्याख्याने सुरू केली. आपल्याकडे न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमालेला आरंभ केला, तो कोणत्याही विद्यापीठाच्या आधाराविना. पुढे मुंबई आणि पुणे विद्यापीठांनी बहिःशाल शिक्षण मंडळे काढली. ‘बहिःशाल’ म्हणजे शाळेच्या भिंतींबाहेरचे. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर जयकर यांच्या नावाने गावोगावी व्याख्यानमाला होऊ लागल्या. आज महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ या कायद्यान्वये प्रत्येक विद्यापीठात आजीवन अध्ययन व विस्तार मंडळ, विद्यार्थी विकास मंडळ आणि क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळ असणे आवश्यक आहे. ही तीन नावे ग्रामपंचायतीने आपल्या फळ्यावर लिहून ठेवावीत, कारण पत्र कोणाला पाठवावयाचे हा प्रश्न त्यामुळे सुटतो. पहिल्याकडे व्याख्याने व विस्तारकार्य, दुसऱ्याकडे युवक महोत्सव, तिसऱ्याकडे स्पर्धा. विस्तारकार्य ही विद्यापीठाची कृपा नसून कायद्याने नेमून दिलेले काम आहे. परंतु मागणी करणारा कोणी नसेल, तर कोणतेही मंडळ आपली व्याख्याने जवळच्या महाविद्यालयात उरकून मोकळे होते, आणि त्याला सर्वस्वी दोष देता येत नाही.

मागणी कशी असते याचे उदाहरण पाहावयाचे असेल, तर परभणीकडे पाहावे. तेथील कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले. २०१३ पासून त्यास वसंतराव नाईक यांचे नाव आहे. १८ मे रोजी खरीप मेळावा, १७ सप्टेंबरला रबी मेळावा आणि ३ जानेवारीला, सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीदिनी, महिला शेतकरी मेळावा अशी तेथील प्रथा आहे. या मेळाव्यांना जाण्यासाठी आपल्या भागातील शेतकऱ्याला निमंत्रणपत्रिका लागत नाही. चार-पाच जण मिळून गाडी करतात, बियाणे घेतात, प्रदर्शन पाहतात आणि वाटेल त्या शास्त्रज्ञाला गाठून आपल्या हळदीवरील करप्याविषयी प्रश्न विचारतात. तेथे होणारी चर्चासत्रे हीसुद्धा सार्वजनिक व्याख्यानेच आहेत. फक्त आपण त्यांना तसे म्हणत नाही. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे शेतकऱ्यांच्या कष्टाबरोबर हे ऐकणे-विचारणेही आहे. जो शेतकरी परभणीला प्रश्न विचारताना कचरत नाही, तोच नांदेडच्या सभागृहात शेवटच्या रांगेत अवघडून बसतो किंवा मुळीच जात नाही. तेथे आपले काही काम नाही, असे त्याला वाटते. हे वाटणे कसे घालवावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

कलामहोत्सवाबद्दल बोलताना मला एक कबुली दिली पाहिजे. ती संस्था कोणती, हे महत्त्वाचे नाही. मी एका ग्रामीण महाविद्यालयात सांस्कृतिक कार्यक्रमांचा प्रमुख होतो. युवक महोत्सवाचे परिपत्रक माझ्या नावाने आले. परीक्षेचे काम चालू होते. मी ते टेबलाच्या खणात ठेवले आणि चार दिवस विसरलो. सूचना फलकावर लागली तेव्हा प्रवेशिकेची मुदत संपण्यास एकच दिवस उरला होता. दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी माझ्याकडे आली. तिची आजी गावात जात्यावरच्या ओव्या आणि भारुडे म्हणत असे, आणि तिच्याकडूनच ही शिकली होती. आवाज असा, की कार्यालयातील लिपिक कामे सोडून दारात येऊन उभे राहिले. परंतु तीन दिवस परगावी मुक्काम करावयाचा तर घरी विचारावयास हवे होते, आणि घर अठरा किलोमीटरवर होते. शेवटची गाडी निघून गेलेली. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले तेव्हा मुदत टळली होती. वडील संमती देण्यासाठीच आले होते, हे मला अजून आठवते. पुढच्या वर्षी ती महाविद्यालयात नव्हती. तिचे लग्न झाले होते. ती स्पर्धेत जिंकली असती की नाही, हे मी सांगू शकत नाही. तिला हरण्याची संधीही माझ्या खणाने दिली नाही.

त्या दिवसापासून परिपत्रक आले की ते त्याच दिवशी फलकावर लावावयाचे, असा नियम मी पाळला. पण नियमाने निम्मेच काम होते. उरलेले निम्मे गावात आहे. मुलीला तीन दिवस पाठवावयाचे की नाही, याचा निर्णय ज्या घरात होतो, त्या घराला महोत्सव म्हणजे काय हे आधी ठाऊक असावे लागते. तेथे संगीत, नृत्य, नाट्य, वाङ्मय आणि ललितकला असे विभाग असतात. लोकगीत, समूहगान, लोकनृत्य, एकांकिका, प्रहसन, मूकाभिनय, वक्तृत्व, वादविवाद, चित्र, मातीकाम, रांगोळी, पोवाडा असे प्रकार त्यांत येतात. प्रत्येक संघाबरोबर संघव्यवस्थापक असतो, आणि विद्यार्थिनी असल्यास त्यांच्यासमवेत एक अध्यापिका जाते. विद्यापीठ पातळीवर निवड झालेल्यांना राज्यातील विद्यापीठांच्या ‘इंद्रधनुष्य’ महोत्सवात जाता येते. हा महोत्सव २००३ पासून होत आला आहे. त्यापुढे भारतीय विद्यापीठ संघाचा पश्चिम विभागीय आणि राष्ट्रीय युवक महोत्सव. एवढे चार वाक्यांत प्राथमिक शाळेच्या शिक्षकांनी पालकसभेत सांगितले, तरी पुष्कळ होईल. कारण आज जी मुलगी पाचवीत आहे, तिच्या वडिलांचे मन तयार होण्यास आठ वर्षे हाताशी आहेत. मार्च २०२३ पासून एस. टी.मध्ये महिलांना निम्मे भाडे आहे, हेही त्यांना ठाऊक असतेच. पण ते बाजाराला जाताना आठवते, महोत्सवाला पाठविताना आठवत नाही.

खेळांच्या बाबतीत गावाची बाजू अधिक भक्कम आहे, असे सर्वांना वाटते. कबड्डी, खो-खो, कुस्ती हे आपलेच खेळ. यात्रेच्या फडात नारळावरच्या कुस्तीपासून मानाच्या कुस्तीपर्यंत सर्व काही होते. परंतु येथेच एक अडचण लपलेली आहे. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत निवड होऊन मुलगा पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेला, की तेथे कबड्डी मॅटवर, खो-खो मॅटवर, कुस्ती मॅटवर. मातीत वाढलेला पाय तेथे निराळा पडतो. बूट घालून वळताना खेळाडू घसरतो किंवा त्याचा घोटा मुरगळतो, आणि पहिल्या पाच मिनिटांत सामना हातचा जातो. ही अडचण आजची नाही. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये गेले तेव्हा मातीचा सराव असलेल्या त्या मल्लाला गादीवर लढावे लागले. त्यांना सहावे स्थान मिळाले. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळविले, ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. त्या प्रवासासाठी गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली होती, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले होते. एका पदकाच्या पाठीशी गाव आणि महाविद्यालय दोन्ही उभे राहिले, तेव्हा ते घडले. आज कोणी घर गहाण ठेवावे असे मी म्हणणार नाही. परंतु ग्रामपंचायत, हायस्कूल आणि जवळचे महाविद्यालय यांनी मिळून मॅटचा एक संच घेतला आणि तो आलटून पालटून वापरला, तर आपल्या मुलांना पहिला धडा परक्या मैदानावर शिकावा लागणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तीत भारताच्या महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे ही मूळची आपल्या मराठवाड्यातील बीड जिल्ह्याची, आणि भारताने पुरुष व महिला अशी दोन्ही अजिंक्यपदे जिंकली. तेव्हा मुलींच्या खो-खोला शाळेच्या मैदानाचा उरलेला कोपरा देण्याची पद्धत आता सोडावयास हरकत नाही.

आता व्याख्यान गावात आणावयाचे म्हटले, तर माझ्या अनुभवातील काही गोष्टी सांगतो. वक्ता मागू नये, विषय मागावा. अमुक मोठ्या गृहस्थांना पाठवा, असे पत्र लिहिले की तारीख मिळत नाही, आणि मिळाली तरी ते गृहस्थ आपल्याला हवे तेच बोलतात. उलट, ‘आमच्या गावात बोअरच्या पाण्याची पातळी का उतरते?’, ‘वारसाहक्कात मुलीचा वाटा किती?’, ‘बारावीनंतर कोणते शिक्षण घ्यावे?’ असे विषय लेखी कळविले, तर भूगोलाचा, विधीचा किंवा वाणिज्याचा एखादा तरुण प्राध्यापक आनंदाने येतो आणि तयारी करून येतो. वेळ रात्री साडेआठची ठेवावी. दिवसा ठेवलेल्या व्याख्यानाला कामकरी माणूस येत नाही. पेरणीचे, काढणीचे आणि हळद शिजविण्याचे दिवस वगळावेत. जागा शाळेची चालेल. येथे भगवान मल्लिनाथांचे क्षेत्र आहे, दूरदूरचे यात्रेकरू येतात, आणि पाहुण्यांची ऊठबस करण्याची सवय या गावाला आहे. त्यामुळे प्राध्यापकाच्या मुक्कामाची काळजी करण्याचे कारण मला दिसत नाही.

आणि सत्काराविषयी दोन शब्द. मी एका ठिकाणी वक्ता म्हणून गेलो असताना एकोणीस व्यक्तींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, चार प्रास्ताविके झाली, आणि माझे भाषण सुरू होताना अध्यक्षांनी चिठ्ठी पाठविली की पंधरा मिनिटांत आटोपावे. जमलेल्या स्त्रिया तोपर्यंत स्वयंपाकासाठी निघून गेल्या होत्या. कीर्तनाला स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने बसतात आणि व्याख्यानाला का येत नाहीत, असे मला अनेकदा विचारले जाते. कीर्तन वेळेवर सुरू होते, आणि बुवा त्यांच्याशीही बोलतात. याहून निराळे कारण मला तरी सापडलेले नाही. एक पुष्प, दोन मिनिटांचा परिचय, तासभर व्याख्यान आणि अर्धा तास प्रश्न. प्रश्नांचा अर्धा तास कोणत्याही परिस्थितीत कापू नये.

शेवटी तारखांकडे येतो. पुढील महिन्यातील १७ सप्टेंबर हा दिवस आपल्यापुढे मोठा पेच टाकणार आहे. त्या दिवशी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. सकाळी गावात ध्वजारोहण. तोच नांदेडच्या विद्यापीठाचा वर्धापनदिन. आणि परभणीला रबी मेळावाही त्याच तारखेस. सर्वांनी सर्वत्र जाणे शक्य नाही, म्हणून वाटणी करावी असे मी सुचवितो. ध्वजारोहणास सर्वांनी हजर राहावे. त्यानंतर शेतकरी मंडळी परभणीला जातातच, त्यांनी या वेळी सोबत शाळेचे दोन विद्यार्थी न्यावेत. नांदेडला दोन शिक्षक, ग्रामपंचायतीचे दोन सदस्य, त्यांपैकी एक महिला सदस्य, आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या गावातील तीन मुली व दोन मुले असे नऊ जण जावेत. तेथे तिन्ही मंडळांच्या संचालकांना भेटून वर्षभराचे वेळापत्रक मागून घ्यावे आणि आपले तीन विषय लेखी द्यावेत. परत आल्यावर दोन्हीकडच्या मंडळींनी आठवड्याच्या आत येथेच, याच सभागृहात, पाहिलेले-ऐकलेले गावाला सांगावे.

विषयांची यादी मुख्याध्यापकांकडे कोऱ्या कागदावर ठेवली आहे. तीत पहिला विषय पाण्याचा मी माझ्याच हस्ताक्षरात लिहिला आहे, उरलेले दोन आपण लिहावयाचे आहेत. नांदेडला जाणाऱ्या नऊ जणांची नावे सभा संपताच ग्रामपंचायत कार्यालयात द्यावीत. मुलींची नावे देताना त्यांच्या आई-वडिलांना आज रात्रीच विचारून घ्यावे, उद्यावर ठेवू नये.